बॅगेतलं विमान

पूर्वी परदेशी जाणारं माणूस अख्ख्या आळीत एखादंच असायचं. निम्मी आळी त्याला सोडायला स्टेशनवर जायची, आणि बॅगेत चिवडा किती, मेतकूट किती, यावर घरातल्या बायकांची दोन दिवस चर्चा चालायची. आता तसं राहिलं नाही. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून कुणाचा मुलगा जर्मनीला शिकायला गेलाय, कुणाची सून दुबईला नोकरीला आहे, तर कुणाची नणंद टूरवाल्यांबरोबर थायलंड-सिंगापूर करून आली आहे. उल्हासनगरच्या बाजारातून बॅगा आणायच्या, गजानन मार्केटमधून कपडे घ्यायचे आणि निघायचं! लोणच्याची बरणी अजूनही बॅगेत असतेच. पण तिच्या शेजारी आता एक नवी वस्तू येऊन बसली आहे. घडी केली की तळहातावर मावणारी, चार पात्यांची, पोटाशी कॅमेरा असलेली. ड्रोन!

ड्रोन आता आपल्याला नवा नाही. लग्नात नवरा-नवरी हार घालत असतात आणि डोक्यावर घूंऽऽ आवाज करत तो फिरत असतो. पावसाळ्यात बदलापूरच्या कोंडेश्वरला किंवा बारवी धरणाच्या बाजूला गेलात, तर हिरव्या डोंगराचं वरून शूटिंग करणारी पोरं दिसतातच. म्हणून आपल्याला वाटतं, हा कॅमेऱ्याचाच एक प्रकार. फार तर महागडं खेळणं. मुलगा म्हणतो, "आई, तिकडचा व्हिडिओ काय भारी येईल!" आणि आपण स्वेटरच्या घडीत तो नीट गुंडाळून ठेवतो.

मी वकील नाही, विमानातली तज्ज्ञही नाही. कला शाखेची पदवी घेतली, संसार केला आणि घर सांभाळून मंडळाचं काम करते. आमच्याकडे बायका पासपोर्टचे अर्ज भरून घ्यायला येतात. तिथे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वरचेवर कानावर येऊ लागला. "ताई, मुलगा ड्रोन नेतोय बरोबर. चालतं ना हो?" उत्तर द्यायचं तर आधी वाचायला हवं. म्हणून नियम वाचत गेले, आणि वाचताना एक गोष्ट पक्की समजली. ती कळली की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. कायद्याच्या नजरेत ड्रोन हा कॅमेरा नाही आणि खेळणंही नाही. ते विमान आहे. बिनमाणसाचं असेल, अडीचशे ग्रॅमचं असेल, पण विमानच!

जुना कायदा, नवं यंत्र

हे किती खरं आहे त्याचं एक उदाहरण सांगते. ऑक्टोबर २०१७ मध्ये म्यानमारची राजधानी नेपिडो इथे एका परदेशी दूरचित्रवाहिनीसाठी माहितीपट करायला गेलेल्या चौघांना पोलिसांनी धरलं. दोन परदेशी पत्रकार, त्यांचा दुभाषा आणि गाडीचा चालक. कारण काय, तर संसद भवनाजवळ ड्रोन. नोव्हेंबरमध्ये चौघांना दोन महिन्यांची शिक्षा झाली. त्यात गाडी चालवणाराही सुटला नाही, हे लक्षात घ्या. आणि कायदा कुठला लावला? १९३४ सालचा विमान कायदा! ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. आपल्या आजेसासूबाईंच्या काळात केलेला कायदा त्र्याऐंशी वर्षांनी एका ड्रोनला लागू झाला, कारण कायद्याला दिसलं ते विमान.

आपल्याकडेही १९३४ चाच विमान कायदा होता. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ड्रोनसाठी आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून वेगळे ड्रोन नियम आहेत. त्यात वजनावरून गट पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो, मग लहान, मध्यम, मोठा. आकाशाचेही रंग ठरवले आहेत. हिरव्या भागात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतो. पिवळ्या भागात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते, आणि लाल भागात केंद्र सरकारची. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आता आपल्याच गावांकडे बघा. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, नौदलासाठी संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. उल्हासनगर तर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणीच. आजही आपण 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतो. अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं. तिथेही मनाला आलं म्हणून ड्रोन सोडता येत नाही. शिवाय आपली तिन्ही गावं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, आणि बंदोबस्ताच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात ते वेगळेच. मुंबईत मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना ड्रोन, पतंगासारखे ग्लायडर, सगळ्यावरच बंदी घातली होती. पण लग्नाच्या गडबडीत कोण विचारतं? कुणी अडवलं नाही म्हणजे चालतं, अशी आपली समजूत होऊन बसते. हीच समजूत बॅगेत भरून आपण परदेशात नेतो, आणि धोका तिथे आहे.

देश तितके नियम

'परदेशात' असा एकच कायदा नाही. प्रत्येक देशाचा वेगळा. आपली माणसं जास्त करून जातात त्या देशांचंच सांगते.

दुबईला निम्मा महाराष्ट्र जाऊन आलाय. १७ जानेवारी २०२२ रोजी अबू धाबीवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. त्यात तीन कामगार गेले, त्यातले दोघे भारतीय होते. त्यानंतर काही दिवसांतच संयुक्त अरब अमिरातींनी हौशी ड्रोनवर सरसकट बंदी घातली. ती सैल व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तेव्हाही नोंदणी आणि परवानगीची अट राहिलीच. म्हणजे बुर्ज खलिफासमोर उभं राहून आपला ड्रोन सोडायचा, हे स्वप्न घरीच ठेवलेलं बरं.

थायलंड म्हणजे टूरवाल्यांचं आवडतं ठिकाण. तिथे कॅमेऱ्याच्या ड्रोनला दोन वेगवेगळ्या सरकारी कार्यालयांकडे नोंद करावी लागते, एक विमान वाहतुकीचं आणि दुसरं रेडिओ लहरींचं. वर दहा लाख बाथचा विमा. आणि एवढं सगळं केलेल्या माणसालाही ३० जुलै २०२५ ला ड्रोन खालीच ठेवावा लागला. कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या आणि देशभर ड्रोनला बंदी झाली. मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा चाळीस हजार बाथपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्या आठवड्यात सहलीला गेलेल्या माणसाने महिनाभर आधी वाचलेला नियम काय कामाचा?

नेपाळला तर आपण परदेश मानतच नाही. पासपोर्टसुद्धा लागत नाही! पण २०१५ च्या भूकंपानंतर तिथे इतके ड्रोन फिरायला लागले, की सरकारने त्यांच्यावर निर्बंध आणले. आज पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्याने किंवा एव्हरेस्टच्या पायथ्याशी ट्रेकला जाणाऱ्याने परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये.

काही देशांत तर ड्रोन विमानतळाच्या बाहेर आणणंच अवघड. मोरोक्कोत परवानगी नसेल तर कस्टम्सवाले ठेवून घेतात. इजिप्तने २०१७ मध्ये कायदाच केला, की संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय ड्रोन जवळ बाळगणं हाच गुन्हा. उडवायचीही गरज नाही! पिरॅमिड बघायला जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. आणि इराणचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं. २०१९ मध्ये जगभ्रमणाला निघालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याला तेहरानजवळ लष्करी भागात ड्रोन उडवल्याच्या आरोपावरून पकडलं, आणि ते सुटले ऑक्टोबरमध्ये, काही महिने तुरुंगात काढून. दोघेही प्रवासाचे व्हिडिओ काढणारे, आपल्या मुलांसारखेच हौशी.

युरोपात सगळं शिस्तीत. ३१ डिसेंबर २०२० पासून युरोपीय संघात एकच नियम आहे. २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन असेल तर चालवणाऱ्याने नोंदणी करायची. पण त्याहून हलका असला आणि त्याला कॅमेरा असला, तरीही नोंदणी करायचीच, तो लहान मुलांचं खेळणं म्हणून विकलेला नसेल तर. बाहेरून आलेल्या पाहुण्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवायचा तिथे नोंद केली, की तो क्रमांक संघाच्या सगळ्या देशांत चालतो. जर्मनीत विमाही सक्तीचा. ब्रिटन आता संघात नाही, त्याचे नियम वेगळे, आणि १ जानेवारी २०२६ पासून ते आणखी कडक झाले. १०० ग्रॅमपासून पुढच्या ड्रोनसाठी आधी ऑनलाइन परीक्षा. जपानमध्येही जून २०२२ पासून १०० ग्रॅमच्या ड्रोनची नोंद लागते. १०० ग्रॅम म्हणजे किती? आपल्या घरातला मोठा वाटीभर रवासुद्धा त्याहून जड भरेल.

अमेरिकेत २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंद, आणि हौसेसाठी उडवणाऱ्या प्रत्येकाला एक छोटी, फुकट असलेली ऑनलाइन परीक्षा. राष्ट्रीय उद्यानांत मात्र २०१४ पासून ड्रोनला मनाई. ग्रँड कॅनियनला गेलेल्या लेकीने व्हिडिओ पाठवला नाही, तर रुसू नका!

दुकानात "२५० ग्रॅमच्या आतला आहे, कुठेही चालतो" असं सांगितलं जातं. वरची यादी वाचल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल, की ही अर्धी गोष्ट झाली.

एवढा कडकपणा कशाला?

एवढ्याशा वस्तूचा एवढा बाऊ का, असं वाटणं साहजिक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. ऐन नाताळच्या तोंडावर धावपट्टी बंद ठेवावी लागली, साधारण हजार उड्डाणांची वाट लागली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. विमानाच्या इंजिनात पक्षी गेला तरी धोका असतो, मग बॅटरी आणि धातू असलेला ड्रोन गेला तर?

दुसरं कारण आपल्याला, बायकांना, लगेच पटेल. गच्चीवर आपण कपडे वाळत घालतोय, मुलगी अंगणात केस पुसत उभी आहे, आणि वर कुणाचा तरी कॅमेरा. कुणाचा, कशासाठी, काही कळायला मार्ग नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास बीड, पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून लोक रात्र-रात्र जागत होते, ते आठवत असेल. युरोपने हलक्या पण कॅमेरा असलेल्या ड्रोनलाही नोंदणी लावली, ती याचसाठी. खाली उभ्या असलेल्या माणसाची ओळख, त्याचं खासगीपण, हेही जपायचं असतं. म्हणजे हा कायदा ड्रोन उडवणाऱ्याच्या विरुद्ध नाही, खाली उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने आहे. आपल्या मुलाने परक्या देशातल्या कुणाच्या आई-बहिणीला असं अस्वस्थ करावं, असं आपल्यालाही वाटणार नाही.

बॅग भरताना

आता आपल्या खात्यातलं काम. बॅग आपण भरतो, कागदांची फाइल आपण लावतो, तर हे चार मुद्दे त्या फाइलीतच ठेवा.

पहिला, बॅटरी. पॉवर बँकेचा नियम आपल्याला माहीत आहे, तोच इथे. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीतच न्यायच्या. टोकांना चिकटपट्टी लावून, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते, १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच नेता येतात, १६० च्या वर तर नाहीच. आकडा बॅटरीवर लिहिलेला असतो. नसेल तर एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणायचं. ३८५० एमएएच आणि ७.७ व्होल्ट असेल, तर साधारण ३० वॉट-अवर. पाचवी-सहावीतलं गणित आहे, घाबरू नका.

दुसरा, जातानाचं कस्टम्स. परदेशातल्या लग्नाला जाताना दागिने नेतो, तेव्हा ते आपलेच आहेत असं विमानतळावरच्या कस्टम्सकडून लिहून घेतो ना? एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात त्याला. ड्रोन नेत असाल तर त्याचंही तसंच घ्यायचं, खरेदीचं बिल आणि क्रमांक दाखवून. नाहीतर परतताना "हा तिकडून आणलाय" असं म्हटलं तर तोंडी उत्तर पुरत नाही.

तिसरा मुद्दा तिकडून येणाऱ्यांसाठी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना परवानगी घेऊन सूट आहे, हौसेला नाही. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याने "मावशी, दादासाठी ड्रोन आणू का?" असं विचारलं, तर प्रेमाने सांगा, "नको रे बाबा, चॉकलेटंच आण." कस्टम्सच्या घोषणापत्रात ड्रोन लिहावा लागतो. लपवून आणला तर वस्तूही जाते आणि सणासुदीला माणूस विमानतळावर बसून राहतं.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नियम कुठे बघायचा? मोबाइलवरच्या व्हिडिओत नाही, टूरच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजवरही नाही. त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर, नाहीतर त्यांच्या दूतावासाला विचारून. एकदा तिकीट काढताना आणि एकदा निघायच्या आठवड्यात. थायलंडचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. विचारायचे प्रश्नही साधेच आहेत. देशात आणायला परवानगी आहे का? नोंदणी लागते का? विमा लागतो का? आणि कुठे उडवायचा नाही? यातल्या एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही, तर ड्रोन कपाटात आणि मुलगा विमानात.

अडचण आलीच तर

समजा एवढं करूनही परदेशात पोलिसांनी अडवलं, तर हुज्जत घालायची नाही. ड्रोन ताबडतोब खाली उतरवायचा, आणि घाबरून व्हिडिओ पुसत बसायचं नाही, त्याने संशय वाढतो. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही. आणि एक वाक्य पाठ ठेवायचं, "मला भारतीय दूतावासाला कळवायचं आहे." हे उपकार मागणं नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशात अटक झालेल्या माणसाला तसं सांगण्याचा हक्क आहे. इकडे घरी असलेल्या आई-वडिलांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची प्रत आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन नंबर देवघराशेजारच्या डायरीत लिहून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींनो, मुलांच्या हौसेवर पाणी ओतावं म्हणून हे लिहीत नाही. वरून दिसणारं जग सुंदर असतं, आणि आपण ज्या वयात कर्जतच्या पुढे गेलो नव्हतो त्या वयात आपली मुलं समुद्रापलीकडे जातात, याचं मलाही कौतुक आहे. पण शिकायला गेलेल्या मुलाचा व्हिसा म्हणजे कुणाच्या तरी घराचं कर्ज असतं, कुणाच्या तरी मोडलेल्या पाटल्या असतात. दोन मिनिटांच्या व्हिडिओपायी तो पणाला लागू नये. मुलं म्हणतील, "आई, तुला यातलं काय कळतं?" म्हणू देत. ताप आला की गोळी कुठली द्यायची हेही आपण विचारून विचारूनच शिकलो ना? तसंच हे. बॅगेची चेन लावण्याआधी एवढं एकच विचारा, "बाळा, या विमानाची परवानगी काढलीस का?"